बाईंना काही वाटत नाही

समोर सगळे ‘मॅडम’ म्हणायचे आणि पाठ फिरली की ‘काचपट्टी’. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गाला वह्या देऊन जातात, जुनी पुस्तकं देऊन जातात, तसं हे नावही देऊन जायची. बाईंना ते ठाऊक होतं. ठाऊक असून काही वाटत नव्हतं, आणि ही गोष्ट त्या काही न वाटण्याचीच आहे.

बाई विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्यातही त्यांचा विषय झाडाच्या आतली रचना हा. खोड आडवं कापलं की आत काय दिसतं, पाणी कुठून चढतं, अन्न कुठून उतरतं, असला. फुलांचा विषय घेणाऱ्या शिक्षकाला मुलं निदान सहलीच्या आशेने तरी जवळ करतात. खोडाच्या आडव्या कापाला कोण विचारतो! पण बाईंचा हात असा की पात्याने काढलेला काप पाण्यात टाकला की तरंगायचा, आणि काचपट्टीवर ठेवून खाली वर्तमानपत्र धरलं तर बातमी वाचता यायची. प्रयोगशाळेच्या लांबलचक टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला त्यांचं सूक्ष्मदर्शक असे. त्याच्या शेजारी काप रंगवायच्या लाल रंगाची छोटी बाटली, टिपकागदाचे तुकडे, पाण्याची बशी. या टोकापासून त्या फळ्याकडे जायच्या आणि फळ्यापासून परत या टोकाकडे. मधे मुलं बसलेली असायची.

सत्र संपत आलं की मुलांकडून शिक्षकांचा फीडबॅक घेतला जायचा. पूर्वी कागदावर, अलीकडे संगणकावर. मुलांनी नाव घालायचं नाही, पाचपैकी गुण द्यायचे आणि खाली रिकाम्या चौकटीत मनात येईल ते लिहायचं. निकालाच्या दिवशी मुलांची जी गत होते ती त्या दिवशी शिक्षकांची व्हायची. फरक एवढाच, की मुलांना एकमेकांच्या गळ्यात पडून रडता येतं.

विभागात ज्याची त्याची तऱ्हा वेगळी. शैवालं शिकवणारे सर आपल्यावरच्या सगळ्या शिव्या स्टाफरूममध्ये मोठ्याने, हातवारे करून वाचून दाखवायचे. सगळे पोट धरून हसायचे, आणि मग सर बराच वेळ खिडकीपाशी उभे राहायचे. बुरशीच्या मॅडम त्या दिवशीची अर्धी रजा आधीच टाकून ठेवायच्या. त्यांचं डोकं ठरल्या वेळी उठायचं. निवृत्तीला आलेले एक सर कित्येक वर्षं ते पान उघडतच नव्हते. ‘न उघडलेलं पत्र शिवी देत नाही,’ म्हणायचे. आणि एक होते ते लाडके सर. हे त्यांचं आडनाव नव्हे. मुलांचे लाडके म्हणून स्टाफरूमने ठेवलेलं नाव, थोडं प्रेमाने, थोडं पोटदुखीने. त्यांचे गुण नेहमी सगळ्यांच्या वर.

बाई काय करायच्या? पान उघडायच्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायच्या, बंद करायच्या आणि काचपट्ट्या धुवायला जायच्या. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

“तुम्ही म्हणजे खरंच दगड आहात हो मॅडम,” बुरशीच्या मॅडम एकदा कपाळ चोळत म्हणाल्या होत्या. त्यात हेवा होता. बाईंनी ते कौतुक म्हणून घेतलं.

दगड काही जन्माला आला तेव्हापासून दगड नव्हता. नवीन लागल्या तेव्हा बाई वर्गात खूप हसायच्या. मूळ जमिनीत कसं घुसतं ते कोपराने हवेत ढुशा देऊन दाखवायच्या, स्वतःच्याच विनोदावर आधी स्वतः हसायच्या. मग पहिला फीडबॅक आला. कुणीतरी लिहिलं होतं, ‘मॅडम हसल्या की दातांपेक्षा हिरड्याच जास्त दिसतात. पहिल्या बाकावर बसायची भीती वाटते.’ त्या दिवशी घरी जाऊन बाई आरशासमोर उभ्या राहून एकट्याच हसल्या, आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडल्या. त्यांचा नवरा कवळ्या बनवायचा; दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि हा त्यावर दात बसवून द्यायचा. त्याने तोंड उघडायला लावून बॅटरी धरली, नीट पाहिलं आणि अगदी धंद्याच्या आवाजात सांगितलं, “एक नंबर हिरड्या आहेत. अशा हिरड्या माझ्या गिऱ्हाइकांना असत्या तर आपण उपाशी मेलो असतो.” बाई हसल्या, पण ओठ मिटून. ते ओठ मग तसेच राहिले.

पुढच्या वर्षी कुणी लिहिलं, आवाज किनरा आहे. बाईंनी आवाज खाली आणला. त्याच्या पुढच्या वर्षी, मॅडम फार हातवारे करतात. बाईंनी एका हातात खडू आणि एका हातात डस्टर धरायला सुरुवात केली. कुणी लिहिलं, मॅडम आपल्या घरच्या गोष्टी सांगत बसतात; घर बंद झालं. कुणी लिहिलं, मॅडम ठरावीक मुलींकडेच बघून शिकवतात. मग कुणाकडेच बघायचं नाही असं ठरलं आणि खिडकी बरी पडली. दर खेपेला एकेक वस्तू काढून ठेवत बाई चालल्या. आणि एका वर्षी लक्षात आलं की वाचताना छातीत काहीच होत नाहीये. पूर्वी कसं, पान उघडायच्या आधी हात गार पडायचे. आता पडत नव्हते. बाईंना वाटलं, चला, सुटले.

त्यानंतर कितीतरी वर्षं गेली. लेक मोठी झाली, शिकायला दुसऱ्या गावी गेली. नवऱ्याचे केस पिकले. बाईंचे काप आणखी पातळ झाले.

तर त्या सत्राच्या शेवटी बाईंनी नेहमीप्रमाणे पान उघडलं. बरेचसे ‘ठीक’, ‘बरं’, काही रिकामे. मधेच एक ओळ होती:

‘आम्ही वर्गात असलो काय नि नसलो काय, मॅडमना काही फरक पडत नाही. मॅडम असल्या काय नि नसल्या काय, आम्हालाही पडत नाही.’

बाईंनी ती वाचली. तिच्याखालची वाचली, ती प्रॅक्टिकलच्या खोलीतल्या पंख्याबद्दल होती. पान बंद केलं आणि काचपट्ट्या धुवायला घेतल्या. धुता धुता त्यांच्या लक्षात आलं की ती ओळ आपल्याला पाठ झाली आहे. दुखत वगैरे काही नव्हतं. नुसती पाठ झाली होती, शाळेतला एखादा पाढा असावा तशी.

दोन-चार दिवसांनी विभागप्रमुखांनी बोलावलं. प्रमुख माणूस वाईट नव्हता. वरून दाब आला की खाली सरकवायचा आणि सरकवताना स्वतःच ओशाळायचा.

“बसा मॅडम. चहा सांगू?”

“नको.”

“म्हणजे, तुमचे गुण सलग दुसऱ्यांदा खाली आलेत. मला स्वतःला काही म्हणायचं नाहीये. पण वरून विचारतात.” त्यांनी संगणकाचा पडदा अर्धवट बाईंकडे वळवला. “ही ओळ पाहिलीत?”

“पाहिली.”

“मग?”

“मग काय?”

“म्हणजे... तुम्हाला काय वाटलं वाचून?”

बाईंनी खरोखरच आत चाचपून पाहिलं. अंधाऱ्या खोलीत दिव्याचं बटण शोधावं तसं. हाताला नुसती भिंत लागली.

“काही नाही वाटलं,” त्या म्हणाल्या.

प्रमुखांना तो उद्धटपणा वाटला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मॅडम, मुलं नेमकं हेच लिहितायत.”

मग त्यांनी बाईंना एका कार्यशाळेला पाठवायचं ठरवलं, शिकवणं सुधारण्याच्या. बाई म्हणाल्या, “बरं.” उठताना खुर्ची नीट आत सरकवली.

कार्यशाळेत शिकवणारा तरुण होता, बूट चकाचक आणि तोंडात सारखा ‘ऊर्जा’ हा शब्द. त्याने प्रत्येकाला थोडा वेळ शिकवायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि मग ते मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवलं. पडद्यावर एक बाई आली. ती खिडकीला खोडाची रचना समजावून सांगत होती. खिडकीला ती चांगली समजत असावी, कारण बाई मधे कुठे थांबत नव्हती. समोर बसलेली माणसं पडद्याच्या खालच्या कडेला नुसती डोकी म्हणून दिसत होती.

“काय दिसलं तुम्हाला, मॅडम?” तरुणाने विचारलं.

“काप चांगला निघाला होता,” बाई म्हणाल्या.

सगळी खोली हसली. तरुण खूश होऊन म्हणाला, “बघा! विनोद आहे की तुमच्याकडे! तो वर्गात आणा.” बाईंनी विनोद केला नव्हता. पण सांगितलंय तर आणावा, म्हणून त्यांनी घरी बसून एक तयार केला.

खोडात एक थर असतो, तो आयुष्यभर नव्या पेशी तयार करत राहतो. आतल्या बाजूच्या पेशी पाणी वाहतात, बाहेरच्या बाजूच्या अन्न. पुढच्या तासाला बाईंनी खडू खाली ठेवला, मुलांकडे वळल्या आणि सांगितलं, “हा थर म्हणजे आई समजा. तिच्या दोन मुली. एक पाणी भरते, दुसरी वाढप करते. दोघींची तोंडं कायम विरुद्ध दिशेला. आई मधे. शेवटी काय, घरोघरी मातीच्या चुली.”

आवाज तोच होता, ज्या आवाजात त्या जाडी आणि व्यास सांगायच्या. सगळी डोकी खाली गेली आणि पेनं चालली. पहिल्या बाकावरच्या मुलीने लिहिणं संपवून हात वर केला.

“मॅडम, ‘मातीच्या चुली’ परीक्षेला आहे का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “खोडलं तरी चालेल.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि खोकल्याने ते झाकलं. बाईंनी खडू उचलला. एखाद्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. बाईंना आपण आकृती फळ्याच्या फार डावीकडे काढली आहे एवढंच जाणवलं.

घरी नवऱ्याचा कारखाना पुढच्या खोलीतच होता. टेबलावर प्लास्टरचे जबडे रांगेने मांडलेले, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, आणि कर्र आवाज करत घासणारं यंत्र. बाई दारात उभ्या राहिल्या. त्याने यंत्र बंद केलं.

“अगं, काय झालं?”

“काही नाही. गुण कमी आलेत माझे.”

“किती?”

“कमी.”

त्याने हातातली कवळी उजेडात धरली. “माझ्याकडेही परत येतात की. लागतंय म्हणतात. मग मी विचारतो, कुठे लागतंय? तिथे घासतो, पाठवून देतो. मी कशाला मनाला लावून घेऊ? तोंड त्याचं, लागतंय त्याला.”

“मी कुठे घासू?” बाईंनी विचारलं.

त्याने थट्टा समजून वर पाहिलं. मग त्याला कळलं की ती थट्टा नाहीये. त्याने कवळीवरची पूड फुंकली. “चहा टाकतेस का?” म्हणाला. बाईंनी टाकला. ती ओळ काही त्यांनी त्याला सांगितली नाही. लपवायची होती असं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलं नाही.

रविवारी लेकीचा फोन यायचा. ती कायदा शिकत होती आणि बोलायला लागली की वकील आधीच झाल्यासारखी बोलायची. बाई फोन ओट्यावर मोठ्या आवाजात लावून ठेवायच्या आणि भांडी पुसायच्या.

“आई, आज काय मजा माहितीय? आमच्याकडे पण फीडबॅक भरून घेतला. आमचे ते करारांचे सर आहेत ना, म्हातारे? त्यांना असलं धुतलंय मी!”

“काय लिहिलंस?”

“लिहिलं की सर वर्गात येतात ते फक्त आपण अजून जिवंत आहोत याची हजेरी लावायला.”

पुढच्या खोलीतून नवऱ्याचं हसू ऐकू आलं. बाईंच्या हातात वाटी होती. ती कोरडी झाली होती, तरी त्या पुसत राहिल्या.

“का?”

“का काय अगं! तसेच आहेत ते. नि बसची वेळ झाली होती, सगळ्याच जणी भराभर खरडत होत्या. प्रत्येकीने काहीतरी भारी लिहायचं असं चाललं होतं.”

“ते वाचतात.”

“कोण?”

“सर.”

“छे गं! कोण वाचत बसतंय ते!”

“हो का,” बाई म्हणाल्या.

मग लेकीचा आवाज आला, मघापेक्षा बारीक. “आई, तुला काही सांगितलं ना, की विहिरीत दगड टाकल्यासारखं वाटतं. आणि डुबुक आवाजसुद्धा येत नाही. ऐकतेस तरी का तू?”

“ऐकतेय.”

“बरं. बाबांना दे.”

बाईंनी फोन पुढच्या खोलीत नेऊन दिला. परत येऊन वाटी जागेवर ठेवली. लेकीने म्हटलं ते आणि त्या कुणा मुलाने लिहिलं ते, दोन्ही एकच आहे हे त्यांना कळलं. गणिताचं उत्तर दोन रीतींनी तेच यावं तसं कळलं, आणि त्याच्यापुढे काही झालं नाही.

असेच काही आठवडे गेले. एके दुपारी प्रयोगशाळा रिकामी होती आणि बाई दुसऱ्या दिवशीसाठी काप काढत बसल्या होत्या. लाडके सर आत आले. एरवी ते आले की आधी त्यांचा आवाज यायचा. आज नुसते आले आणि बाईंच्या समोरच्या स्टुलावर बसले. गुबगुबीत चेहऱ्याचा माणूस, पण गालावरचं मांस खाली उतरल्यासारखं दिसत होतं.

“मॅडम, एक विचारू? हसणार नाही ना?”

“मी हसत नाही,” बाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

“मला एकाने लिहिलंय, ‘सर शिकवतात कमी आणि मिरवतात जास्त.’ बाकी सगळे चांगले आहेत. पण माझ्या डोक्यातून ही एक ओळ हलत नाही. वर्गात तोंड उघडलं की वाटतं, हा बघ, मिरवतोय. परवा मधेच थांबलो आणि पुढे काय सांगायचं तेच आठवेना.”

“तुम्हाला असं पूर्वी कुणी लिहिलं नव्हतं?”

“लिहिलं असेल हो. मी कुठे वाचतो! बायको आधी वाचते आणि मग मला वाचून दाखवते. वाईट ते गाळते आणि मधेमधे आपल्या मनाचं चांगलं घालते. मला कळतं ते. मुलं ‘अत्यंत मनोवेधक विवेचन’ लिहीत नाहीत कधी. पण मी बोलत नाही, तीही बोलत नाही. या खेपेला ती माहेरी होती, आणि मला धीर निघाला नाही.” त्यांनी बशीतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि बाहेर काढलं. “तुम्ही कसं करता, मॅडम? सगळं वाचता आणि उठून कामाला लागता. मला शिकवा ना ते.”

बाईंनी पातं खाली ठेवलं. आपल्याकडे काहीतरी शिकायला स्वतःहून आलेला माणूस त्यांनी पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता. त्यामुळे त्या खरंच शिकवायला लागल्या.

“आधी हसणं बंद करायचं,” त्या म्हणाल्या. “निदान दात दिसतील असं तरी. मग आवाज खाली आणायचा. हात हलू द्यायचे नाहीत. घरचं बोलायचं नाही. कुणा एकाच्या तोंडाकडे बघायचं नाही. एकदम जमत नाही, दरवर्षी थोडं थोडं करायचं.”

“मग?”

“मग वाचताना त्रास होत नाही.”

“एवढंच?” सरांच्या डोळ्यांत आशा आली.

“आणि मग बाकी कशानेही होत नाही.” बाई थांबल्या. हे वाक्य त्यांनी तयार केलेलं नव्हतं. ते तसंच आलं होतं. “माझा मोठा भाऊ गेला. आम्ही दोघं पाठोपाठची. घरात सगळे रडत होते, वहिनी, तिची मुलं, शेजारचे. मी सगळ्यांना चहा केला. चांगला झाला होता चहा. एकाने मागून घेतला परत.”

सरांनी ओलं बोट पँटला पुसलं.

“भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं, बरं झालं. नवरा शिडीवरून पडला तेव्हाही बहुतेक तेच म्हटलं असेन. नाही, तेव्हा म्हटलं, हळू.” बाईंनी चिमट्याने एक काप उचलला, पाहिला आणि परत पाण्यात सोडला. “शिकू नका, सर. तुमच्या बायकोला वाचू द्या.”

“आणि परत येतं का ते? वाटायचं?”

“माहीत नाही. आजवर कुणी विचारलं नव्हतं.”

सर तिथेच रडायला लागले. एवढा मोठा माणूस, खांदे हलत होते आणि नाकातून पाणी. बाईंना काय करावं कळेना. रुमाल जवळ नव्हता, म्हणून त्यांनी टिपकागदाचा गठ्ठा पुढे सरकवला. सरांनी एकेक चौकोनी तुकडा घेऊन डोळे टिपले. काप टिपायचे कागद ते, एका तुकड्यात कितीसं मावणार! बाई बघत राहिल्या. आणि बघता बघता त्यांना त्या माणसाचा हेवा वाटला. अगदी थोडा, पण वाटला हे नक्की.

पुढे सरांनी बायकोला सांगून टाकलं म्हणे, की वाचायचं तर सगळं वाच नाहीतर काहीच नको. काही दिवस घरात धुसफूस झाली आणि मग दोघं शेजारी बसून वाचायला लागली. बाईंचे गुण पुढच्या खेपेला किंचित चढले, का ते कुणालाच कळलं नाही. प्रमुखांनी अभिनंदन केलं, चहा सांगितला, आणि बाईंना त्याचंही विशेष काही वाटलं नाही. दगड काही एका दुपारीत विरघळत नसतो. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी बाई घरी आल्या तेव्हा नवरा स्वयंपाकाला लागला होता. बाईंनी चपला काढल्या, हात धुतले आणि लेकीला फोन लावला. रविवार नव्हता. लेकीने पहिल्या रिंगलाच उचलला.

“काय झालं? बाबा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. भाजी चिरतायत. मला एक सांगायचं होतं.” आणि बाईंनी ती ओळ सांगितली. सगळी, असलो काय नि नसलो काय, असल्या काय नि नसल्या काय. स्वयंपाकघरातला सुरीचा आवाज थांबला.

“कुणी लिहिलं असं?” लेक म्हणाली.

“नाव नसतं त्यावर.”

“मूर्ख आहेत!”

“मूर्ख नाहीत. खरं आहे ते. तूही मागे तेच म्हणालीस.”

“मी? मी कधी... अगं आई, ते मी आपलं... तुला वाईट वाटलं?”

“नाही वाटलं,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर फोन केला.”

मग तिचा श्वास ऐकू आला, आत ओढून घेतलेला.

“आई, आमचे ते सर. ते पण वाचत असतील?”

“बहुतेक.”

“मला आता ते काढता येणार नाही. भरलं की बंद होतं ते.”

“नाही येणार.”

“त्यांच्या घरी कोण आहे तेपण मला माहीत नाही,” लेक म्हणाली आणि रडू लागली. दुसऱ्या कुठल्या आईने म्हटलं असतं, जाऊ दे गं, एवढं काय त्यात, विसरून जातील ते. बाईंना ते शब्द ठाऊक होते. ते तोंडात आले नाहीत. छातीत काही हललं का, हेही नीट सांगता येत नव्हतं. पाय बधीर झाला की मुंग्या यायच्या आधी कसा जड होतो, तसं काहीसं होतं, किंवा नव्हतंही.

“काय बोलावं मला सुचत नाहीये,” बाई म्हणाल्या. “पण फोन ठेवू नकोस.”

लेकीने ठेवला नाही. तिच्या खोलीत कुणीतरी आलं, कपाट उघडलं, परत गेलं. खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. लेकीने नाक पुसलं आणि खोलीतल्या मैत्रिणीबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली, तिचं कुणाशी तरी भांडण झालं होतं, बादलीवरून. बाई खुर्ची ओढून बसल्या. कुणाची बादली, असं त्यांनी मधे एकदा विचारलं.

फोन संपला तेव्हा जेवण गार झालं होतं. नवऱ्याने परत गरम केलं. फोनवरचं त्याने सगळं ऐकलं होतं, पण विचारलं काही नाही. बाईंचं ताट वाढून समोर ठेवलं आणि स्वतःचं घेऊन शेजारी बसला, एरवी तो समोर बसायचा. बाईंनी पहिला घास घेतला.

“भाजी खारट झालीये,” त्या म्हणाल्या.

“झाली असेल,” तो म्हणाला, आणि पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.